जावातील खेडे : जीवित, वित्त आणि वाट



व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय विचारला तेव्हा ‘इंडोनेशिया’ एवढाच शब्द आम्ही लिहून धाडला असता, तर पत्रिकेवर तो शोभला असता खरा. पण आम्ही मात्र संकटात पडलो असतो. सतरा हजारांहून अधिक बेटांचा तो देश. २०२० च्या जनगणनेत तेथे २७ कोटी माणसे मोजली गेली. एका तासात एवढ्या देशाचे दर्शन कोण घडविणार? म्हणून आम्ही एकच बेट घेतले, जावा. त्यातला मध्य जावा आणि योग्याकार्ता हा भाग घेतला, आणि त्यातही शहर सोडून खेडे घेतले. आपल्याकडून जे प्रवासी तिकडे जातात ते बोरोबुदुरचा स्तूप आणि प्रांबानानची देवळे पाहून कृतार्थ होतात. दोहोंच्या मध्ये जी खेडी लागतात ती मोटारीच्या काचेतून मागे पडतात. त्या खेड्यातला माणूस रात्री निर्धास्त कसा झोपतो, जमीन आपली आहे हे कशावरून ठरवतो, आणि घर सोडून दूर जातो तेव्हा ते कोणाच्या भरवशावर टाकतो, एवढ्या तीन प्रश्नांपुरतेच आज बोलावयाचे आहे. आमचे म्हणणे असे की या तिन्ही प्रश्नांचे उत्तर तेथे फार दिवस एकच होते, ते म्हणजे शेजारी. त्या उत्तराची किंमतही शेजाऱ्यालाच द्यावी लागे. ती किंमत कोणती, हे आपण पाहू.

प्रथम चार शब्द ऐका. खेड्याला तिकडे म्हणतात ‘देसा’. जिवाला ‘जिवा’. मालमत्तेला ‘हार्ता’, हा आपला ‘अर्थ’च, फक्त आरंभी ह-कार जोडून घेतलेला. संकटाला ‘बहाया’, म्हणजे आपले ‘भय’. आणि राखण करणे, पहारा देणे याला शब्द आहे ‘जागा’. आपल्या गावगाड्यात जो जागल्या होता, त्याच्या नावाचा हा सख्खा भाऊ. जो जागा राहतो तो राखतो, हा अर्थ दोन्ही भाषांनी एकाच संस्कृत धातूवरून घेतला. मात्र एक फरक मोठा आहे. आपला जागल्या जातीने नेमलेला असे आणि त्याच्या जागेपणावर बाकीचे गाव झोपत असे. जावातल्या गावात जागण्याची पाळी घराघरावर येते.

गाव दिसते कसे, ते आधी सांगितले पाहिजे. जावाचे क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या निम्म्याहून कमी, आणि त्यावर माणसे १५ कोटींच्या वर. तेव्हा मोकळी जागा म्हणून काही नाहीच. तरीही दुरून पाहावे तर भातखाचरांच्या हिरव्या समुद्रात झाडीची बेटे दिसतात. त्या झाडीत गाव लपलेले असते. प्रत्येक घराभोवती परसू असते, त्याला ते ‘पेकारांगान’ म्हणतात. नारळ, केळी, फणस, पपई, खाली सुरण-आल्याचे वाफे, कडेला बांबू. कोकणातल्या मंडळींना हे वर्णन परके वाटणार नाही. गावाच्या पोटात वाड्या असतात, त्यांना ‘दुसुन’ म्हणावे; आणि वाडीच्या पोटात पुन्हा शेजारगट, तीसचाळीस घरांचा. त्याचे नाव ‘रुकुन तेतांगा’, म्हणजे शेजाऱ्यांचे सख्य. या गटाला निवडलेला प्रमुख असतो, त्याला मिळणारा मोबदला नावापुरता, आणि काम मात्र जन्मापासून मरणापर्यंतचे. कोणाला दाखला हवा असेल, कोणाच्या घरी पाहुणा आला असेल, कोणाची म्हातारी आजारी असेल, सगळ्याची वर्दी आधी त्याच्याकडे. सरकार नावाची गोष्ट सामान्य माणसाला प्रथम भेटते ती या शेजाऱ्याच्या ओसरीवर.

आता रात्रीकडे वळू. वाडीच्या तिठ्यावर एक लहानशी, तीन बाजूंनी उघडी अशी चौकी असते. बांबूची किंवा विटांची, आत एक बाकडे किंवा चटई. तेथे रात्री पाळीप्रमाणे पाचसहा पुरुष जमतात. या गस्तीला ‘रोंदा’ म्हणतात. शब्द पोर्तुगीजांनी दिलेला. आपल्या जुन्या मराठीतही रात्रीच्या गस्तीला ‘रोंद’ म्हणत, हे वडीलधाऱ्यांना आठवत असेल. चौकीच्या आढ्याला एक पोकळ लाकडी ओंडका टांगलेला असतो, मधोमध लांबट चीर असलेला. त्याला ‘केंतोंगान’ म्हणतात. दांडक्याने ठोकला की त्याचा घुमारा भातखाचरांवरून दूरवर जातो. हा ओंडका नुसता वाजत नाही, बोलतो. पुष्कळ चौक्यांवर त्याची लिपी फळ्यावर लिहून ठेवलेली आम्ही पाहिली. एकेक ठोका म्हणजे खून किंवा घातपात; दोन-दोन म्हणजे घरात चोर; तीन-तीन म्हणजे आग; चार-चार म्हणजे पूर किंवा तसलेच नैसर्गिक संकट; पाच-पाच म्हणजे गुरे चोरीला गेली. गावोगाव यात थोडा फरक असतो. पण गुरांच्या चोरीला स्वतंत्र ठोका असावा, ही गोष्ट नुसत्या फळ्यावरची नव्हे. जावाच्या भाषेत गुराढोरांना ‘राजाकाया’ म्हणतात, आणि ज्याच्या गोठ्यात दोन गाई आहेत त्याची पेढी तीच. मुलीचे लग्न, मुलाचे शिक्षण, दवाखाना, सगळे त्या गोठ्यातून निघते. या राजाकायेची गाठ पुढे आणखी एकदा पडणार आहे.

गस्तीचे लोक मध्यरात्रीनंतर घरोघर फिरतात. प्रत्येक दाराजवळ एक छोटेसे भांडे टांगलेले असते. पूर्वी ते बांबूचे कांडे किंवा करवंटी असे, आता प्लॅस्टिकचा पेला. संध्याकाळी घरची बाई त्यात चिमूटभर तांदूळ टाकून ठेवते. ‘जिंपित’ म्हणजे चिमूट, म्हणून या चालीचे नाव ‘जिंपितान’. हल्ली बहुतेक ठिकाणी तांदळाऐवजी पाचशे किंवा हजार रुपियाचे नाणे असते. हजार म्हटल्याने दचकू नका, आपल्या हिशेबाने ते पाचसहा रुपयेच. गस्तवाले ते गोळा करतात, वहीत मांडतात, आणि त्या पैशातून तिठ्यावरचा दिवा, मर्तिकाच्या घरची मदत, इस्पितळात पडलेल्याची भेट, असले खर्च चालतात. पैसा थोडा. पण या चिमटीची युक्ती पाहा. पहारेकऱ्याने ती उचलावयाची म्हणजे त्याला प्रत्येक दारापर्यंत जावेच लागते. सकाळी पेला रिकामा दिसला की घरच्या माणसाला कळते की रात्री आपल्या दारावरून कोणी तरी गेले होते. आणि एखाद्या दाराचा पेला लागोपाठ दोन रात्री मोकळाच सापडला, तर गस्तवाल्याला कळते की या घरात काही तरी बिनसले आहे. आजार असेल, भांडण असेल, किंवा तांदूळच नसेल. पहाऱ्याचा हिशेब, वर्गणी आणि विचारपूस या तिन्ही गोष्टी एका चिमटीत बसविणाऱ्या अनाम माणसाला आमचा नमस्कार असो.

आम्ही एका रात्री त्या चौकीवर बसलो होतो. चहा गोड, गप्पा त्याहून गोड. चोराविषयी कोणी अवाक्षर काढले नाही. खताचा भाव, जावयाची नोकरी, फुटबॉल! चोर येवो न येवो, ही मंडळी आठवड्यातून एक रात्र एकमेकांचे तोंड पाहतात, आणि ज्याच्याशी बांधावरून वाद झाला त्याच्याच शेजारी चटईवर बसतात. आमच्या मते गस्तीचा अर्धा उपयोग इथेच होऊन जातो.

परंतु, श्रोतेहो, या चित्राला पाठची बाजू आहे, आणि ती न दाखविता पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. हे शेजारगट आजच्या रूपात आणले ते जपान्यांनी. १९४२ ते १९४५ या काळात जावा त्यांच्या ताब्यात होते, तेव्हा त्यांनी आपल्या देशातली ‘तोनारिगुमी’ नावाची दहावीस घरांची रचना तेथे लागू केली. हेतू काय? धान्य वसूल करणे, मजूर पुरविणे आणि कोण काय बोलतो हे ऐकणे. स्वातंत्र्यानंतर जपानी गेले, रचना राहिली. सुहार्तो यांच्या राजवटीत, १९८० च्या दशकात, गस्तीलाही सरकारी चौकट आणि सरकारी नाव मिळाले. गावच्या वेशीवर आजही फलक दिसतो की पाहुण्याने २४ तासांच्या आत वर्दी द्यावी. पाहुणा म्हणजे तुमची सख्खी बहीण असली तरी! आमच्यासाठीही आमच्या यजमानांनी पारपत्राची प्रत घेऊन शेजारगटाच्या प्रमुखाकडे धाव घेतली. त्या गृहस्थाने आम्हाला केळी दिली आणि नाव लिहून घेतले. दोन्ही कामे त्याने सारख्याच आपुलकीने केली.

नाव लिहून घेणारा हात नेहमीच केळी देतो असे मात्र नाही. १९६५ च्या ३० सप्टेंबरच्या रात्री जाकार्तात सहा सेनापती मारले गेले आणि त्याचा ठपका कम्युनिस्ट पक्षावर आला. त्यानंतरच्या काही महिन्यांत त्या देशात किमान पाच लाख माणसे मारली गेली असे बहुतेक अभ्यासक मानतात, आणि त्यांतली पुष्कळशी जावा व बाली येथील खेड्यांतली होती. सैन्य होते, याद्या होत्या. परंतु परक्या सैनिकाला कोणाचे घर कोणते हे काय ठाऊक? ते शेजाऱ्याला ठाऊक होते. जो गाव एकमेकांना ओळखतो म्हणून सुरक्षित असतो, तोच गाव एकमेकांना ओळखतो म्हणून त्या दिवसांत असुरक्षित झाला. जे तुरुंगातून जिवंत परतले त्यांच्या ओळखपत्रावर पुढे कित्येक वर्षे ‘माजी राजबंदी’ अशी खूण असे, आणि त्यांच्या मुलांनाही नोकरीच्या दारातून परत फिरावे लागे. लहानसहान प्रमाणात हीच वृत्ती अजून दिसते. चोर म्हणून कोणी हाती सापडला आणि दोन-दोन ठोके वाजले, तर पोलीस येईपर्यंत तो धड राहीलच असे सांगता येत नाही. म्हणून ज्यांना ‘गावकी’ या शब्दाचे फार प्रेम येते त्यांनी जरा जपून यावे, असे आम्हास वाटते.

आता वित्त. जावाच्या खेड्यात सर्वांत मोठे वित्त जमीन, आणि ती अगदी थोडी. अर्ध्या हेक्टरहून कमी जमीन असलेल्या शेतकऱ्याला ‘गुरेम’ म्हणतात. गुरेम म्हणजे कोंबडीच्या अंगावरची पिसवेसारखी बारीक कीड! नाव कोणी ठेवले असेल ते असो, ज्यांना ते लागू पडते ते लक्षावधी आहेत. ज्याला तेवढीही नाही तो दुसऱ्याची करतो. निम्म्याने केली तर ‘मारो’, तिसऱ्या वाट्याने केली तर ‘मेरतेलू’. आपल्याकडे पाटील, कोतवाल यांना वतनाच्या जमिनी होत्या, तशाच तिकडे गावच्या मुख्याला आणि कामगारांना पगाराऐवजी ‘बेंगकोक’ नावाच्या जमिनी असत. पुष्कळ गावांत त्या अजून आहेत.

ही जमीन कोणाची, हे कसे ठरे? गावच्या कचेरीत एक जुने पुस्तक असते, त्याला ‘लेटर सी’ म्हणतात. डच अमदानीतल्या करवसुलीचा तो वारसा. कोणाच्या नावे किती तुकडा आणि त्यावर किती सारा, एवढेच त्यात असते. म्हणजे ते साऱ्याचे पुस्तक, मालकीचे नव्हे. मालकीचा खरा पुरावा शेजाऱ्यांच्या डोक्यात असे. हा बांध कोणी घातला, ते नारळाचे झाड कोणाच्या आजीने लावले, कोणता तुकडा कोणत्या भावाला गेला, हे चारचौघांना ठाऊक असले की झाले. १९६० च्या २४ सप्टेंबरला इंडोनेशियाने आपला भूमीविषयक मूलभूत कायदा केला आणि डचांच्या १८७० च्या कायद्याला निरोप दिला. या कायद्याने पूर्ण मालकी फक्त स्वतःच्या नागरिकांना दिली. परक्याला ती मिळत नाही. नोंदणीचेही त्यात ठरले होते. पण ठरणे वेगळे आणि होणे वेगळे. जोको विदोदो अध्यक्ष झाले तेव्हा सुमारे १२ कोटी ६० लाख तुकड्यांपैकी ४ कोटी ६० लाखांचीच प्रमाणपत्रे निघालेली होती. वर्षाला पाच लाख या वेगाने उरलेल्यांना १६० वर्षे लागतील, असा हिशेब ते स्वतःच सभांतून सांगत. २०१७ पासून त्यांनी ही नोंदणी गावेच्या गावे घेऊन झपाट्याने चालविली. मोजणीदार येतो, खुंट्या ठोकतो, आणि विशेष हे की खुंटी ठोकताना शेजारच्या बांधाचा मालक हजर असावा लागतो. कागद आला तरी शेजारी सुटला नाही!

या कागदाने गरिबाचे भले झाले का? झाले. कर्ज मिळते, भाऊबंदकीत आधार मिळतो. पण ज्याला जमीनच नाही त्याला कागद कसला? त्याची सुरक्षितता पूर्वी निराळ्या चालीत होती. भात पिकले की कापणीला गावातल्या कोणाही बाईने यावे. तळहातात मावेल एवढ्या ‘आनी-आनी’ नावाच्या सुरीने एकेक लोंबी कापावी. मोठे पाते पाहून भाताची देवी, म्हणजे देवी श्री, भिऊ नये अशी भावना. आणि कापले त्याचा ठरलेला वाटा घरी न्यावा. या वाट्याला ‘बावोन’ म्हणत. मालकाला नको असली तरी येणाऱ्या बाईला नाही म्हणता येत नसे. ज्यांच्या नावे तसूभर जमीन नाही त्या घरांतही त्यामुळे चार महिन्यांचे भात येई. १९७० च्या सुमारास नवी बुटकी वाणे आली, विळा आला, आणि मालक उभे पीक व्यापाऱ्याला उक्ते विकू लागले. त्याला ‘तेबासान’ म्हणतात. व्यापाऱ्याने आपली ठराविक माणसे आणावयाची आणि दोन दिवसांत शेत मोकळे करावयाचे. गावच्या बायकांना तो नाही म्हणू शके, कारण तो गावचा नव्हता. मालकाला जे तोंड उचलून म्हणता येत नव्हते ते त्याने परक्याच्या तोंडून म्हणवून घेतले. पिके वाढली, देश १९८४ साली तांदळात स्वयंपूर्ण झाला, हे सारे खरे. परंतु शेतावरचा जो हक्क कोणत्याच पुस्तकात लिहिलेला नव्हता, तो कोणत्याच कचेरीत तक्रार न नोंदता नाहीसा झाला.

तेव्हा माणसे वाटेला लागली. जावाच्या वाटांचा इतिहास मोठा आहे. १८०८ साली दाएन्देल्स नावाच्या गव्हर्नर-जनरलने बेटाच्या पश्चिम टोकापासून पूर्वेकडे आन्यर ते पानारुकान असा सुमारे हजार किलोमीटरचा रस्ता वेठीच्या मजुरांकडून करवून घेतला, आणि त्यात माणसे किती मेली याची गणती नीट कोणी ठेवली नाही. २०१८ च्या डिसेंबरात त्याच दिशेने जाकार्ता ते सुराबाया असा पथकराचा रुंद रस्ता सलग झाला. खेडुताला मात्र रोज लागते ती मोटारसायकल. तीवर नवरा, बायको, दोन मुले आणि गवताचा भारा हे सगळे बसते. कसे, ते विचारू नये. आणि वर्षातून एकदा, ईदच्या वेळी, शहरे ओस पडतात. या परतीच्या प्रवासाला ‘मुदिक’ म्हणतात. २०२४ साली या दिवसांत १९ कोटींहून अधिक लोक प्रवास करतील असा सरकारी पाहणीचा अंदाज होता. २०१६ साली ब्रेबेस या गावाजवळ महामार्गाच्या मुखाशी एवढी कोंडी झाली की तीन दिवसांत किमान बारा माणसे त्या रांगेतच दगावली. तरीही लोक जातात. आईचे पाय धरून वर्षभराच्या चुकांची क्षमा मागावयाची असते, आणि ते तारेने होत नाही.

मात्र ईदचा आठवडा संपला की गावात म्हातारे आणि लहान मुले उरतात. तरुण जाकार्तात, आणि कित्येक घरच्या सुना-लेकी हाँगकाँग, तैवान, मलेशिया येथे घरकामाला. त्यांच्या पैशाने पक्क्या भिंतींची, टाइल लावलेली घरे उभी राहतात. घर चांगले झाले, राखावयाचे वित्त वाढले, आणि राखणारा परदेशी. गस्तीच्या पाळीत नाव आहे पण माणूस नाही, असे झाले की त्याच्या घरून दंडाचे पैसे येतात. काही ठिकाणी त्या पैशातून पगारी पहारेकरी ठेवला आहे. काही वस्त्यांत चिमटीची वर्गणी दूरध्वनीने जमा होते. पेला टांगावा लागत नाही, आणि म्हणून दारापर्यंत कोणाला जावेही लागत नाही.

जीवित, वित्त आणि वाट या तिघांची एकदम परीक्षा होते ती योग्याकार्ताच्या उत्तरेला मेरापी ज्वालामुखीच्या उतारावर. राखेने जमीन सुपीक होते म्हणून लोक तेथे राहतात, दुभत्या गाई पाळतात. २०१० च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तो भडकला. साडेतीनशेच्या आसपास माणसे गेली. डोंगराचे वृद्ध राखणदार म्हणून प्रसिद्ध असलेले म्बाह मारिजान हेही २६ ऑक्टोबरला घर न सोडता गेले. लाखो लोकांना खाली छावण्यांत आणले होते. पण सकाळ झाली की पुरुष मोटारसायकलवरून पुन्हा वर जात. का? राजाकाया! गोठ्यात गाय हंबरते आहे, तिला गवत कोण घालणार? पोलिसांनी वाट अडविली तरी आडवाटा त्यांच्या पायाखालच्या. शेवटी सरकारने जाहीर केले की धोक्यातल्या गाई आम्ही विकत घेऊ, पण तुम्ही वर जाऊ नका. माणसांचा जीव वाचविण्यासाठी आधी गाईची किंमत ठरवावी लागली.

त्यानंतर मागेलांग जिल्ह्यात एक योजना निघाली. डोंगरावरच्या प्रत्येक गावाने खालच्या एका गावाशी बहिणीचे नाते जोडावयाचे. ‘भगिनी-गाव’ असेच तिचे नाव. कोणते कुटुंब संकटात कोठे जाणार हे आधी ठरलेले, म्हणजे अनोळखी छावणीत नव्हे, तर ओळखीच्या गावात उतरावयाचे. २०२० च्या नोव्हेंबरात मेरापी पुन्हा धुमसू लागला तेव्हा वरचे म्हातारे, गरोदर बायका आणि मुले आधी खाली बहीण-गावांत पोचली. डोंगराच्या योग्याकार्ताकडील अंगाला गाईंसाठीही खाली तात्पुरते गोठे उभारले होते आणि त्या मालमोटारींतून उतरविल्या. वर उरलेल्या तरुणांनी रात्रीची पाळी लावली, आणि चौकीत ओंडक्याच्या शेजारी बिनतारी यंत्र ठेवले. दोन्ही चालू स्थितीत असावीत असा तेथला दंडक आहे.